धरणाऱ्याचा हात

एका माणसाला इजा न करता जमिनीवर धरून ठेवायला पाच माणसं लागतात. इजाच करायची असेल तर एक पुरतो.

मनोरुग्णालयाच्या वॉर्डात नवा माणूस कामाला लागला की इन्चार्ज सिस्टर त्याला आधी हे ऐकवायच्या आणि मग कामाची वाटणी दाखवायच्या. डोकं मावशीकडे. डोक्याखाली उशी सरकवायची, नाक-तोंड मोकळं ठेवायचं आणि शेवटपर्यंत हळू आवाजात बोलत राहायचं, मग ते काहीही असो. डावा हात बोक्याकडे. पाय जुळ्यांकडे. हे जुळे एकमेकांचे कुणीच लागत नव्हते, पण दोघांच्या मिशा सारख्या होत्या आणि दोघे जेवायला, भांडायला आणि रजेवर एकदमच जायचे. छातीवर कुणी बसायचं नाही, पालथं पाडायचं नाही. सिस्टर सुई देतील आणि "सोडा" म्हणतील तोपर्यंत कुणी हलायचं नाही.

उजवा हात चिमट्याकडे होता. बहुतेक माणसं उजव्या हातानेच मारतात, त्यामुळे तो वाटा सगळ्यांत वाईट.

चिमट्याच्या पकडीतून कुणाचा हात सुटलेला वॉर्डात कुणी पाहिला नव्हता. पण पकड म्हणजे नुसतं दाबणं नव्हे, हे त्याला इतरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. धरलेला माणूस खाली पडल्यावर कूस बदलायला बघतो. तो वळला की धरणाऱ्यानेही त्याच्याबरोबर वळायचं. कातडीखाली पीळ जाणवला की बोटं क्षणभर सैल करायची, पीळ उलगडला की पुन्हा आवळायची. हे डोळ्यांनी दिसत नाही आणि तेवढा वेळही नसतो. ते बोटांनाच कळावं लागतं.

झटापट संपली की पाचही जण आणि सिस्टर बाहेरच्या बाकावर ओळीने बसत. हा सिस्टरनी पाडलेला रिवाज होता. त्या एकेकाला विचारत, "कुठे लागलं?" आणि विचारलेल्याने ती जागा बोटाने दाखवून सांगायची. सगळ्यांचं सांगून होईपर्यंत कुणाला चहा मिळत नसे. पूर्वी याच वॉर्डातला एक जण पोटात लाथ बसल्यावर हसत हसत घरी गेला होता. आत प्लीहा फुटली होती. तो परत आला नाही. बाक त्यानंतरचा.

"मांडीला चावला," जुळ्यांपैकी एक म्हणायचा.

"मला पण," दुसरा म्हणायचा.

"एकच तोंड, दोन मांड्या? खोटं बोलू नकोस, तुला नुसता धक्का लागलाय," असं मावशी म्हणाल्या की सगळे हसायचे.

चिमट्याची पाळी आली की तो दोन्ही हात हवेत फिरवून दाखवायचा. "काही नाही, सिस्टर."

"याला लागत नाही. उलट याला मारणाऱ्याला टाके पडतात," बोका म्हणायचा, आणि चिमटा मान खाली घालून हसायचा. त्याला ते आवडायचं.

एकदा कार्यालयातून एक बाई व्याख्यानाला आल्या होत्या. स्वतःची काळजी कशी घ्यावी, हा विषय. सात-आठ तास झोप, भरपूर पाणी, रोज चालणं, मनात आलेलं कुणाशी तरी बोलणं आणि राग आला की दीर्घ श्वास. सगळं बरोबरच होतं. बोक्याने हात वर केला. "बाई, समोरच्याने नाक फोडलं तर श्वास कुठून घ्यायचा?" वॉर्ड हसला, बाईही हसल्या. चिमट्याला वाटलं, हे सगळं ज्यांना काही होतं त्यांच्यासाठी आहे.

त्याला जे झालं ते व्याख्यानानंतर काही आठवड्यांनी झालं. एका धिप्पाड रुग्णाला धरताना चिमट्याचं उजवं कोपर पलंगाच्या लोखंडी कडेवर जोरात आपटलं. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेत एक नस अगदी वरच असते. सहज लागलं तरी तिथून झिणझिण्या येतात. या वेळी आल्या त्या गेल्याच नाहीत. आधी करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्यासारखं वाटत राहिलं. मग मुंग्याही गेल्या आणि काहीच उरलं नाही. बाकावर त्याने नेहमीसारखे हात फिरवून दाखवले. आता सांगितलं तर डॉक्टर तपासणार, आणि धरता येत नाही अशा माणसाला तळमजल्यावर चादरींच्या खोलीत पाठवतात. तिथे दिवसभर चादरी मोजायच्या आणि फाटक्या वेगळ्या काढायच्या. "वाघाला भाजी निवडायला बसवल्यासारखं," असं बोका त्या खोलीबद्दल म्हणायचा.

दोन बोटं कळेनाशी झाल्यावर चिमट्याने साधा उपाय काढला. तो जास्त दाबू लागला. हातात पेला धरला तरी निसटेल असं वाटायचं, म्हणून आवळून धरायचा. दोनदा काचेचा पेला त्याच्या हातात फुटला. पेलेच हल्ली पातळ येतात, असं त्याने बायकोला सांगितलं.

बायको शिवणकाम करायची. एका सुट्टीच्या दुपारी ती त्याच्या जुन्या सदऱ्याची बाही आखूड करत होती. सदरा त्याच्या अंगावर, तो खुर्चीवर आणि ती खाली बसून मनगटाशी टाचण्या लावत होती. तो तिला जुळ्यांच्या भांडणाचं काहीतरी सांगत होता. सांगता सांगता बाहीच्या काठावर लाल ठिपका उमटला आणि पसरला.

"अहो, थांबा," ती म्हणाली.

टाचणी त्याच्या करंगळीत डोक्यापर्यंत शिरली होती. तो अजून बोलतच होता.

तिने टाचणी उपसली. रक्त आलं. त्याने बोटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याचं होतं. तिने त्याला डोळे मिटायला लावले आणि शेजारच्या बोटाला टोचलं.

"टोचलं का?"

"टोच ना."

"दोनदा टोचलं."

त्याने डोळे उघडले. बायको रडत नव्हती. ती दात आवळून टाचण्या डबीत भरत होती. रागावली की ती आधी आवराआवर करायची.

"पेले पातळ येतात काय," ती म्हणाली. "उद्या सिस्टरना सांगता, की मी येऊन सांगू? आणि मी आले तर बोक्यासमोर सांगेन, एवढं लक्षात ठेवा."

"सांगतो गं. हात आहे, तुटलेला नाही."

"तुटला असता तर बरं झालं असतं. दिसला तरी असता."

दुसऱ्या दिवशी सिस्टरना सांगायचं असं ठरवूनच तो आला. पण वॉर्डाच्या दारातच बोका एका नव्या माणसाला घेऊन उभा होता. "हा चिमटा. याच्या हातातून सुटलेला माणूस अजून जन्मायचाय. याच्याकडून शिक." नवा माणूस आदराने हात पुढे करून उभा राहिला. चिमट्याने त्याच्याशी हात मिळवला. नव्या माणसाने ओठ आवळले आणि बोटं चोळत हात मागे घेतला. चिमट्याला वाटलं, सिस्टरना नाश्त्यानंतर सांगू.

नाश्त्याच्या वेळी मास्तर बिथरले.

वॉर्डात दाखल होण्यापूर्वी मास्तर शाळेत गणित शिकवायचे. बरे असले की ते खडूने फरशीवर त्रिकोण काढून चिमट्याला समजावायचे. "चिमटेराव, तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही. का ते सांगा." चिमट्याला सांगता यायचं नाही, मग मास्तर आनंदाने सांगायचे. बरे नसले की त्यांना वाटायचं, आपल्याला पुसायला माणसं आलीत. त्या सकाळी भिंतींना रंग द्यायचा म्हणून रंगाऱ्यांनी त्यांना न सांगता पलंग खिडकीपासून ओढला. मास्तर दात घासून परतले तेव्हा त्यांच्या जागी मोकळी फरशी होती, आणि एक माणूस ओल्या फडक्याने त्यांचे त्रिकोण पुसत होता.

ते ओरडले नाहीत. त्यांनी शेजारच्या टेबलावरचं स्टीलचं ताट उचललं आणि रंगाऱ्याच्या डोक्यात घातलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कडेने. रंगारी गुडघ्यावर आला, त्याच्या कानामागून रक्त वाहू लागलं. सिस्टर मध्ये धावल्या तर ताट सुटून त्यांच्या भुवईवर बसलं. भुवई उसवल्यासारखी उघडली. त्यांचा एक डोळा रक्ताने भरला, तरी त्या म्हणाल्या, "धरा."

पाचही जण तुटून पडले. मास्तरांनी बोक्याच्या तोंडावर डोकं हाणलं. जुळ्यांनी पाय ओढले आणि सगळे एकदम खाली गेले. उपमा आणि सांडलेला रंग यांच्यात ते घसरत होते. मास्तर किडकिडीत होते, पण घाबरलेल्या माणसाच्या ताकदीचा हिशेब वजनावरून करता येत नाही. त्यांनी मावशीच्या दंडाला चावा घेतला. मावशींनी दंड काढून घेतला नाही, दुसऱ्या हाताने त्यांच्या डोक्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवला आणि बोलत राहिल्या, "पलंग आहे हो सर, पलंग तिथेच आहे, रंग वाळला की परत आणतो, चावा, चावा, पण डोकं आपटू नका."

चिमट्याने मास्तरांचा उजवा हात मनगटाच्या वर दोन्ही हातांनी धरला होता. हात ओला होता. सुटेल असं त्याला वाटलं आणि त्याने आवळलं. मास्तर डावीकडे वळले.

"वळताहेत," मावशी म्हणाल्या. "सोबत वळा."

बोका वळला. जुळे वळले. चिमट्याच्या बोटांना काही कळलं नाही. त्याला वाटलं, आपणही वळतोय. मास्तरांचं सगळं अंग खांद्यासह फिरलं आणि हात मनगटापाशी होता तिथेच राहिला, शिकंज्यात धरलेल्या पट्टीसारखा. मग ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज आला. फार मोठा नव्हता, पण खोलीतल्या प्रत्येकाने ऐकला.

मास्तर किंचाळले. तोपर्यंत ते एकदाही किंचाळले नव्हते.

"सोडा!" सिस्टर ओरडल्या. "चिमट्या, सोड!"

त्याने खाली पाहिलं तेव्हा कुठे त्याला दिसलं की त्याने अजून सोडलेलं नाही.

एक्स-रे पाहून तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हाड वाकून मोडलेलं नाही, पिळून मोडलंय. भेग हाडाभोवती जिन्यासारखी फिरत गेली होती. एक टोक घट्ट धरलेलं असेल आणि दुसरं फिरलं तरच अशी भेग पडते. त्यांनी कुणाकडे बोट दाखवलं नाही. पण वरच्या साहेबांना तेवढं खोलात जायचं नव्हतं. रंगाऱ्याला टाके पडले होते, सिस्टरना पडले होते, आणि आता हा हात. रुग्ण आटोक्याबाहेर आहे असं ठरवून ते मास्तरांना मागच्या बंद विभागात हलवणार होते. तिथे खिडक्या छताजवळ होत्या, आणि तिथे गेलेला माणूस वर्षानुवर्षं परत येत नसे. संध्याकाळी सिस्टरनी आपलं म्हणणं सांगायचं होतं.

दुपारी बाकावर सगळे बसले. सिस्टरच्या भुवईवर पट्टी होती. मावशीच्या दंडावर दातांची दोन अर्धवर्तुळं काळीनिळी झाली होती.

"कुठे लागलं?"

"ओठ. एक दात हलतोय," बोका म्हणाला. "पण चिमट्याची चूक नाही हां, सिस्टर. ते फिरलेच असे. कोण काय करणार? कुणीही असता तरी मोडलाच असता."

"मोडलाच असता," एक जुळा म्हणाला.

"नाही," मावशी म्हणाल्या. "तुमच्या बाजूचा मोडला नाही."

सिस्टर चिमट्याकडे वळल्या. बोका त्याच्याकडे बघत होता. आपण फेकलेली दोरी हा पकडतो की नाही, असं. पकडणं सोपं होतं. काही नाही, सिस्टर, एवढंच म्हणायचं. मास्तर मागच्या विभागात जातील आणि तो इथेच राहील, उजव्या हाताला.

त्याने उजवा पंजा मांडीवर उताणा ठेवला आणि डाव्या हाताने करंगळी धरली.

"इथे," तो म्हणाला. "ही आणि हिच्या शेजारची. यांना काही कळत नाही. ते वळले ते मला कळलंच नाही."

"आजपासून?" सिस्टरनी विचारलं.

"नाही. तो धिप्पाड होता ना, त्याच्या वेळेपासून. कोपर आपटलं होतं."

सिस्टरनी हिशेब केला असावा. त्या उठल्या आणि त्यांनी फाडकन त्याच्या कानाखाली लगावली. वॉर्डात आयुष्य घालवलेल्या त्या बाईने कुणावर हात उचललेला कुणी पाहिला नव्हता. पट्टीखालून पुन्हा रक्त झिरपलं.

"मी रोज विचारते ते काय गाणं म्हणते का?" त्यांचा आवाज फाटला. "तुला काय वाटलं, तुझ्या प्रेमापोटी विचारते? अरे, तुझ्या हाताखाली कुणाचा तरी हात असतो!"

मग त्या खाली बसल्या आणि हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. मावशी चिमट्याकडे न बघता म्हणाल्या, "तू वळतोस या भरवशावर मी डोकं धरते. माझा भरवसा फुकट होता का रे, बाबा?"

चहा आला. तो कुणी घेतला नाही.

संध्याकाळी सिस्टर वरच्या साहेबांकडे गेल्या तेव्हा चिमट्याला सोबत घेऊन गेल्या, आणि त्याने तेच पुन्हा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला अंगठा आणि तर्जनी यांच्यात कागद धरायला सांगितला आणि हळूच ओढला. कागद सहज निघून गेला. ज्या हाताला कळत नाही तो मोठ्या वस्तूवर जास्त दाबतो, आणि बारीक वस्तू त्याला धरताच येत नाही, असं त्या म्हणाल्या. नस अजून मेलेली नव्हती. कोपर सरळ ठेवणारी पट्टी त्यांनी बांधली, झोपतानाही काढायची नाही असं बजावलं, आणि उचलणं, धरणं, आवळणं सगळं बंद. मास्तर वॉर्डातच राहिले. चिमटा चादरींच्या खोलीत गेला.

काळजी घेणं हे काम त्याला धरण्यापेक्षा अवघड गेलं. धरायला राग पुरतो. इथे रोज सकाळी बोटांचे व्यायाम करायचे, बोट हलत नाही ते बघायचं, आणि तरी पुन्हा करायचे. बायको समोर बसून टाचणी टोचायची. "टोचलं?" "नाही." "बरं." खोटं "हो" म्हणण्याची सोय तिने ठेवली नव्हती, ती अधूनमधून टोचल्यासारखं करून टोचायचीच नाही.

वरून आरडाओरडा ऐकू आला की तो चादर हातात घेऊन उभा राहायचा. एकदा अशाच झटापटीत नव्या माणसाकडून उजवा हात सुटला आणि बोक्याचं नाक मोडलं. बोका नाकात बोळे घालून खाली आला. डोळ्यांखाली काळं साकळलं होतं.

"तू असतास तर वाचलं असतं," तो म्हणाला. "बस इथे. लोण्याचा हात सांभाळ. आमची नाकं आहेतच."

चिमट्याने ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं. तो वर असता तर ते नाक कदाचित वाचलं असतं, आणि आणखी कुणाचा तरी हात मोडला असता. यातलं काय बरं, हे त्याला ठरवता येईना. त्याने पट्टी मात्र सोडली नाही.

मास्तर एक दिवस खाली आले. मावशी त्यांना तपासणीसाठी नेत होत्या, आणि चादरींच्या खोलीचं दार उघडं होतं. त्यांच्या हाताला अजून प्लास्टर होतं. त्यांनी चिमट्याला पाहिलं आणि मावशीचा हात झटकून ते आत शिरले.

"तू मोडलास," ते म्हणाले.

"हो, सर."

प्लास्टरचा हात गोफणीसारखा फिरून त्याच्या जबड्यावर बसला. तोंडात खारट चव भरली. दुसरा घाव गालफडावर बसला, तिसरा त्याने खांद्यावर घेतला. समोर हात होता, मोकळा, हवेत. त्याचे स्वतःचे दोन्ही हात त्याला न विचारता वर आले आणि बोटं उघडली. इतकी वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. आता फक्त बंद करायची होती.

तो पळाला. चादरींच्या ढिगांमधून, मागच्या दाराने, अंग चोरून. त्याने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. आत मास्तरांनी दारावर लाथा घातल्या, मांडणी पाडली. चिमटा कडीला पाठ लावून ओरडला, "या कुणीतरी! मला जमत नाहीये! या लवकर!" इतक्या मोठ्याने तो कधी ओरडला नव्हता. वरून धावणारे पाय ऐकू आले.

पण त्यांना धरावं लागलं नाही. मास्तरांच्या मागोमाग आत आलेल्या मावशी बोलत राहिल्या आणि लाथा हळूहळू थांबल्या. वरून आलेले दार उघडून आत गेले तेव्हा मास्तर पडलेल्या चादरींवर बसून धापा टाकत होते. त्यांनी उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या चिमट्याकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीवरून रक्त पट्टीवर गळत होतं.

"धरलं का नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"मला धरता येत नाही, सर. तुमचा दुसराही मोडला असता."

"म्हणून पळालास?"

"हो."

मास्तर म्हणाले, "मीही पळालो असतो त्या दिवशी. पण कड्या तुमच्या बाजूला असतात."

बोक्याने खाली बघितलं आणि एक चादर उचलून उगाच घडी घालू लागला. मावशी मास्तरांच्या शेजारी चादरींवर टेकल्या.

"जा तू," त्या चिमट्याला म्हणाल्या. "जबडा दाखव जाऊन. मी बसते यांच्याजवळ."

चिमट्याने दार पूर्ण उघडून भिंतीला टेकवलं, ते परत लोटलं जाऊ नये म्हणून खाली एक चादर अडकवली, आणि तोंड धरून डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे चालू लागला.